मन मुळात उजळच: वर बसलेला मळ काढायचा कसा

अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, त्याच्या एकक निपात या पहिल्या भागात, एक छोटंसं वचन आहे: ‘पभस्सरमिदं, भिक्खवे, चित्तं। तञ्च खो आगन्तुकेहि उपक्किलेसेहि उपक्किलिट्ठं।’ हे चित्त उजळ आहे, पण आगंतुक मळांनी ते मळलं आहे. ‘आगंतुक’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. न बोलावता आला, पथारी पसरून बसला, पण घराचा मालक नाही. राग, हाव, सुस्ती, शंका यांचा हक्क तेवढाच.

त्यापुढचं वाक्य मात्र बहुतेक जण सोडून देतात आणि कामाचं तेच आहे: ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातून चित्ताची भावना होत नाही, ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून होते. इथे एक घोटाळा आधीच मिटवलेला बरा. पालीतली ‘भावना’ म्हणजे मराठीतली भावना नव्हे. तिचा अर्थ वाढवणं, जोपासणं, मशागत करणं. मैत्री भावना, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याचं ध्यान, करायला बसून ‘मला काही वाटतच नाही’ म्हणून उठून जाणारे या एका शब्दाने फसलेले असतात. शेतात नांगर धरल्या धरल्या कणीस दिसत नाही.

हे वचन ‘सगळी माणसं मुळात चांगलीच’ असं भाबडं प्रमाणपत्र देत नाही. लोभ, द्वेष, मोह यांना बौद्ध ग्रंथ मुळंच म्हणतात, आणि अलोभ, अद्वेष, अमोह यांनाही मुळंच म्हणतात. थेरवादी परंपरेतली अट्ठकथा, म्हणजे जुनी टीका, उजळ चित्त म्हणजे भवंग, विचार चालू नसतानाचं मनाचं शांत अस्तर, असा अर्थ लावते. महायानात हाच धागा तथागतगर्भाच्या, म्हणजे प्रत्येकात दडलेल्या बुद्धत्वाच्या, कल्पनेत फुलला: उकिरड्यात पडलेलं सोनं, गरिबाच्या घराखाली पुरलेला ठेवा. हा म्हणजे बौद्धांनी नाकारलेला आत्माच झाला की, ही शंका तेव्हाही निघाली होती, आणि लंकावतार सूत्रात तिला ‘नाही’ असं सरळ उत्तर आहे. करणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्यातून एकच गोष्ट निघते. सुख तयार करायचं नाही, मळ काढायचा. सुख त्यामागून येतं.

धुण्याचा क्रम

सोनं धुणाऱ्याचा दृष्टांत अंगुत्तर निकायातच आहे. नदीतली सोन्याची माती तो द्रोणीत ओततो. आधी मोठे खडे निघतात, मग बारीक खडी आणि जाड वाळू, शेवटी बारीक रेती आणि काळी धूळ. मनाचंही तसंच. खडे म्हणजे शरीर, वाणी आणि मनाचं वाईट वागणं. मधला थर म्हणजे हावेचे, द्वेषाचे आणि इजा करण्याचे विचार. बारीक धूळ म्हणजे आपली माणसं, आपला मुलूख आणि आपला लौकिक यांचे विचार.

बहुतेकांची साधना फसते ती इथे. खडे तसेच ठेवून लोक बारीक धूळ पाखडायला बसतात. दिवसभर दुकानात मापात मारायचं आणि संध्याकाळी अर्धा तास डोळे मिटून विश्वाच्या कल्याणाची इच्छा करायची. मन बसत नाही, मग दोष पद्धतीवर येतो.

विहारात म्हटलं जाणारं करणीय मेत्त सुत्त नीट ऐका. ‘सुखिनो व खेमिनो होन्तु’ हे शब्द येण्याआधी अडीच गाथा नुसत्या वागण्याबद्दल आहेत: सरळ असावं, सांगितलेलं ऐकणारं असावं, मऊ असावं, फार गर्व नसावा, थोडक्यात भागणारं असावं, कामांचा पसारा कमी असावा, जाणती माणसं नावं ठेवतील असं बारीकसंही काही करू नये. मैत्री त्यानंतर.

आधी खडे: शील आणि रात्रीची पाच मिनिटं

पंचशील पाठ असतं. ते तपासायचं कसं हे सहसा कोणी सांगत नाही. मज्झिम निकायात बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, सांगितलेली रीत सर्वांत सोपी आहे. आरसा जसा बघण्यासाठी, तसं प्रत्येक काम तीनदा बघायचं: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. प्रश्न प्रत्येक वेळी एकच: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होणार आहे का?

सुरुवातीला तिन्ही वेळा जमत नाही. पहिले दोन आठवडे फक्त ‘केल्यावर’चं बघा. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं, वहीत दोन ओळी. एक ओळ आज जे टोचतंय त्याची, एक ओळ आज जे बरं झालं त्याची. दुसरी ओळ टाळू नका. आपल्यातलं चांगलं बघायची सवयच नसते आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीवर उभ्या आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून ‘करताना’ हळूहळू आपोआप आठवू लागतं, विशेषतः बोलताना.

टोचणाऱ्या ओळीचं करायचं काय? संयुत्त निकायात नालंदेच्या एका गावप्रमुखाला बुद्ध हे नेमकं सांगतात. ‘ते बरं झालं नाही. पण मी हळहळत राहिलो म्हणून केलेलं न केलेलं होणार नाही.’ एवढं म्हणून ते पुन्हा न करण्याचं ठरवायचं आणि लगेच मैत्रीकडे वळायचं. ताकदवान शंख फुंकणारा जसा चारी दिशांना आवाज सहज पोचवतो तसं. झालेल्या चुकीची भरपाई करता येण्यासारखी असेल, पैसे देणं असेल, माफी मागायची असेल, तर तारीख घालून लिहा. नसेल तर पान उलटा. रोज तीच चूक उगाळणं हा प्रामाणिकपणा नव्हे. कौकृत्य म्हणजे हळहळ हाही मळच आहे, पाच नीवरणांतला, म्हणजे मनाच्या पाच अडथळ्यांतला.

सुखाशी याचा धागा कसा जुळतो हे अंगुत्तर निकायाच्या दहाव्या निपातात साखळीसारखं सांगितलं आहे. शीलातून पश्चात्ताप नसणं, त्यातून प्रमोद म्हणजे आनंद, त्यातून प्रीती म्हणजे उल्हास, मग शरीर निवांत होणं, त्यातून सुख, आणि सुखी माणसाचं चित्त एकाग्र होतं. त्यातली खुबी पुढे आहे: शीलवान माणसाला ‘मला पश्चात्ताप न होवो’ अशी इच्छा करावी लागत नाही, ते धर्मतेनेच होतं. क्रम नीट पाहिला तर एकाग्रतेतून सुख येत नाही, सुखातून एकाग्रता येते. दात-ओठ खाऊन ध्यान करणाऱ्यांचं गाडं उलट्या टोकाला जुंपलेलं असतं.

संसारी माणसासाठी तर हिशेबच मांडून दिला आहे. अनाथपिंडिक या श्रीमंत व्यापारी उपासकाला सांगितलेली चार सुखं: पैसा असण्याचं, तो खर्च करण्याचं, डोक्यावर कर्ज नसण्याचं आणि अनवज्ज सुख, म्हणजे बोट ठेवायला जागा नाही अशा वागण्याचं. पहिली तीन चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत. जुन्या चलनात सांगायचं तर रुपयातला एक आणाही नाही. तरी पहिली तीन खोटी आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. कर्ज फेडणं हीसुद्धा इथे साधनाच आहे.

मग पाण्याचं भांडं बघा

खडे निघाले की बसायचं. पण बसल्यावर मैत्रीच्या वाक्यांना हात घालण्याआधी दोन मिनिटं पाहायचं की आज मनाचं पाणी कसं आहे. भांड्यातल्या पाण्यात आपला चेहरा दिसत नाही याची पाच कारणं संगारव नावाच्या ब्राह्मणाला सांगितलेली आहेत. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी निदान.

रंग मिसळलेलं पाणी म्हणजे हाव. काहीतरी हवंय आणि मन त्याच रंगाचं झालंय. हातातला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून या. हवी असलेली वस्तू मिळाल्यानंतर आठवड्याभराने कशी दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. उकळतं पाणी म्हणजे द्वेष. त्यावर औषध मैत्रीच, पण ज्याच्यावर उकळतंय त्याच्यावर आज नको. त्याचा क्रम पुढे आहे. शेवाळलेलं पाणी म्हणजे सुस्ती आणि पेंग. वाऱ्याने हेलकावणारं पाणी म्हणजे चंचलता आणि हळहळ. यावर काही न बोलता पाच ते दहा मिनिटं फक्त नाकाशी श्वास. गढूळ पाणी अंधारात ठेवलेलं, ती शंका: हे करावं का, माझ्याच्याने होईल का. शंका बसून फिटत नाही. उठून जाणत्याला विचारावं किंवा वाचावं.

पेंगेबद्दल थोडं जास्त, कारण संध्याकाळी बसणाऱ्या बहुतेकांचा अडथळा हाच असतो. मोग्गल्लान या शिष्याला पेंग येत होती तेव्हा बुद्धांनी दिलेली यादी अगदी घरगुती आहे. ज्या विचारात पेंग आली तो सोड. ऐकलेल्या धर्माचा विचार कर. ते मोठ्याने म्हण. दोन्ही कान ओढ आणि अंग चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, इकडेतिकडे बघ, तारे बघ. मनात उजेड आण. चक्रमण कर, म्हणजे येरझाऱ्या घाल. आणि तरीही नाही जमलं तर उजव्या कुशीवर, उठायची वेळ मनाशी ठरवून, आडवा हो. शेवटची सोय विसरू नका. पाच तास झोपणाऱ्याला पद्धत नको असते, झोप हवी असते. जेवल्यावर निदान दीड तास बसू नका.

मैत्री भावनेची बैठक

पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या पाली ध्यानग्रंथाचा नववा परिच्छेद हाच या विषयाचा तपशीलवार आराखडा. गोव्यातल्या सांखवाळला १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी तो ग्रंथ देवनागरीत संपादित केला, म्हणून पालीची अक्षरओळख असलेल्या मराठी वाचकाला तो थेट उघडता येतो.

सुरुवातीची बैठक वीस मिनिटांची धरा. मांडी घालून बसता येत असेल तर ढुंगणाखाली चार बोटं उंचीची घडी घ्या, म्हणजे गुडघे जमिनीला टेकतात आणि कंबर आत जात नाही. नाहीतर खुर्ची, पाठ टेकवायची नाही, तळवे जमिनीवर.

पहिली तीन मिनिटं नुसता श्वास आणि भांड्यातलं पाणी बघणं. मग पाच मिनिटं स्वतः. पालीतली वाक्यं चार आहेत: ‘अहं अवेरो होमि, अब्यापज्झो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि.’ मराठीत: माझं कोणाशी वैर नसो. माझ्या मनात द्वेष नसो. मला दुःख नसो. मी सुखाने स्वतःला सांभाळून असो. एका वाक्याला एक ते दोन श्वास. चारही वाक्यं म्हणून झाली की एक श्वास गप्प, मग पुन्हा. घाईने म्हटलेली शंभर आवर्तनं शब्दांची माळ होते. सावकाश दहा पुरतात.

स्वतःपासून सुरुवात का? लाड म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. मला जसं सुख हवं तसंच समोरच्यालाही हवं, हे पटवायला जवळचा साक्षीदार मीच. विसुद्धिमग्ग पुढे बजावतो की नुसत्या स्वतःवर शंभर वर्षं केली तरी ध्यान लागायचं नाही. तेव्हा इथे मुक्काम करू नका. काहींना उलट स्वतःबद्दल हे शब्द म्हणताच घशात आवंढा येतो किंवा चीड येते. त्यांनी जबरदस्ती करू नये. आदरणीय माणसापासून सुरुवात करावी आणि तीन-चार आठवड्यांनी स्वतःला यादीत शेवटी घालावं. खूप निराशा असेल, जुने आघात वर येत असतील, तर डोळे उघडे ठेवून पाच मिनिटांपुरतंच करावं आणि डॉक्टरांशी बोलावं. औषध चालू असेल तर ते बसण्याच्या भरवशावर बंद करू नये.

मग सात मिनिटं आदरणीय व्यक्ती: ज्यांनी शिकवलं, वेळेला उभे राहिले असे कोणी. निवड करताना चार पथ्यं. जिवंत हवी. मेलेल्या माणसावर मैत्री टिकत नाही. एका तरुण भिक्खूची ध्यानाची गाडी अडली होती, चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचे आचार्य वारले होते, हा प्रसंग त्याच परिच्छेदात आहे. गेलेल्या आईवडिलांच्या फोटोसमोर बसणाऱ्यांना हे कठीण वाटतं, पण तिथे मन मैत्रीऐवजी शोकाकडे घसरतं. दुसरं, ज्याच्याविषयी शारीरिक ओढ आहे असं माणूस नको. तिसरं, अगदी जिवलगही सुरुवातीला नको. त्याच्या बारीकशा दुखण्याच्या विचारानेही रडू येतं. चौथं, शत्रू नको. तो नंतर.

पहिले दोन आठवडे स्वतः आणि आदरणीय व्यक्ती, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात जिवलग माणूस, चौथ्यात तटस्थ. तटस्थ म्हणजे जिचं नावही धड माहीत नाही अशी व्यक्ती: दूध टाकणारा, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या बाई. इथे बैठक कोरडी पडते, आणि ते होणारच, कारण तटस्थ माणसाबद्दल आपण कधी विचारच केलेला नसतो. उपाय साधा: दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नीट बघा. थकलाय का, छत्री आहे का, चप्पल कुठली आहे. त्या संध्याकाळी बैठक ओली असते.

शेवटची पाच मिनिटं दिशा. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, खाली, वर. आधी खोली, मग इमारत किंवा वाडी, मग गाव. एकदम ‘अखिल विश्व’ धरलं की हाताला काहीच लागत नाही. माणसांपाशी थांबायचं नाही, हेही खरं. डॉ. आंबेडकर करुणा आणि मैत्री यांत हाच फरक करतात: करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापलीकडे सर्व जिवांपर्यंत. भटकी कुत्री, भिंतीवरची पाल, सगळे आत.

ज्याचा राग येतो तो

पाचवा-सहावा आठवडा याचा. सगळ्यात मोठ्या वैऱ्यापासून सुरुवात करण्याची खुमखुमी अनेकांना असते, ती आवरा. दहापैकी दोन गुण देता येतील एवढाच राग येतो असा कोणी निवडा. मग बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी सांगितलेले पाच प्रकार वहीत लिहा आणि तुमचा माणूस कुठे बसतो ते ठरवा.

वागणं वाईट, पण बोलणं ठीक: हा रस्त्यात पडलेली चिंधी. चिंध्यांचं चीवर शिवणारा भिक्खू ती डाव्या पायाने दाबतो, उजव्याने पसरतो, धड तुकडा फाडून घेतो आणि पुढे जातो. काम टाळणारा पण कधी तोंड न टाकणारा सहकारी यात येतो. बोलणं वाईट, पण वागणं ठीक: शेवाळलेलं तळं. उन्हातून आलेला माणूस दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला सारतो आणि ओंजळीने पितो. जिभेचा पट्टा सतत चालवणाऱ्या पण आजारपणात रात्र जागून काढणाऱ्या सासूबाई इथल्या.

वागणं, बोलणं दोन्ही वाईट, पण कधीमधी मन मोकळं, प्रसन्न होतं: गायीच्या खुरात साचलेलं पाणी. ओंजळ घातली की ढवळणार. गुडघे आणि हात टेकून, गायीसारखं वाकूनच प्यावं लागतं. म्हणजे या माणसात चांगलं आहे, पण ते बघायला आपल्यालाच खाली व्हावं लागतं आणि हात न लावता बघावं लागतं. ‘बघ, तू आज किती छान वागलास’ म्हटलं की पाणी गढूळ. चौथा, ज्यात यातलं काहीच दिसत नाही: पुढचं गाव लांब, मागचं गाव लांब, वाटेत आजारी पडलेला प्रवासी. इथे चांगलं शोधायचं नाही, फक्त ‘याला कोणीतरी गावापर्यंत नेवो’ एवढी करुणा. पाचवा सगळ्या बाजूंनी चांगला, तरी आपल्याला खुपतो. ते स्वच्छ तळं आहे, झाडाच्या सावलीतलं. उतरा, आंघोळ करा, सावलीत बसा. खुपणारं आपल्या डोळ्यात आहे.

वहीत एकच वाक्य लिहा: ‘याच्यातला धड तुकडा कोणता.’ रोज वाचा, मग चार वाक्यं म्हणा. पाणी उकळू लागलं की लगेच आदरणीय व्यक्तीकडे परत या, पाच मिनिटांनी पुन्हा जा. दोन-तीनदा येणं-जाणं म्हणजे अपयश नव्हे, तीच पद्धत.

त्यानेही राग निघेना तर विसुद्धिमग्गातली आणखी एक युक्ती: तुम्ही नेमके कशावर रागावलात? त्याच्या केसांवर? नखांवर? त्याच्यातल्या पाण्यावर, वाऱ्यावर? राग ठेवायला जागा सापडत नाही. आणि यादीतली शेवटची युक्ती सर्वांत व्यवहारी आहे: काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. अबोला असलेल्या शेजारणीकडे झाकण घट्ट लावून एक डबा पाठवा. डबा परत येतोच, आणि सहसा रिकामा येत नाही.

मारहाण, छळ, फसवणूक करणारा माणूस असेल तर आधी अंतर, मग मैत्री. तक्रार मागे घेणं, त्याच घरात परत जाणं, पैसे सोडून देणं हे मैत्रीत येत नाही.

पूर्ण झाल्याची कसोटी विसुद्धिमग्गात चोरांच्या प्रसंगाने दिली आहे. तुम्ही, जिवलग, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसलेले; चोर म्हणतात, बळीसाठी एक द्या. ‘याला न्या’ म्हटलं तर सीमा, म्हणजे आपला-परका ही भिंत, तुटली नाही. ‘मला न्या’ म्हटलं तरीही तुटली नाही! कोणीच द्यावासा वाटत नाही, तेव्हा ती तुटली.

सारखे दिसणारे नकली

मैत्रीचा लांबचा शत्रू द्वेष, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती, आणि तिचा वेष मैत्रीचाच असतो. ओळख एकच: समोरच्याने मनासारखं केलं नाही तर लगेच दुखतं का? करुणेचा जवळचा शत्रू दुःख. दुसऱ्याचं ऐकून रात्रभर झोप उडाली तर ती करुणा नव्हे. उपेक्षेचा, म्हणजे मनाच्या समतोलाचा, जवळचा शत्रू न समजून आलेला थंडपणा, आणि मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड झाल्यामुळे इथे घसरणं फार सोपं.

करणीय मेत्त सुत्तातल्या आईच्या ओळीचाही असाच उलटा अर्थ लावला जातो. आई एकुलत्या एक लेकराला जिवापाड जपते, तसं मनाला जपायचं, असं तिथे आहे. प्रत्येकावर आईसारखं जीव टाकून प्रेम करा, असं नाही. जपायची आहे ती मैत्री.

फरक कुठे दिसतो

मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यातले पहिले तीन कुणालाही घरी तपासता येतात: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. वहीत या तिघांपुढे फक्त खूण करा. ध्यानात प्रकाश दिसला का, अंग हलकं झालं का, याची नोंद ठेवू नका. ती वही पुढे नकोशी होते. आणखी एक लाभ, चित्त लवकर स्थिर होणं, तो बैठकीच्या पहिल्या तीन मिनिटांतच कळतो. सहा आठवड्यांनी तिथे काहीच फरक नसेल तर मैत्रीच्या वाक्यांत बदल करत बसू नका, खड्यांकडे परत जा. टोचणाऱ्या ओळींतली एखादी बहुधा तारीख घालूनही तशीच राहिलेली असते.

ज्या दिवशी बसणं जमणारच नाही, त्या दिवसासाठीही मोजमाप आहे, आणि ते उजळ चित्ताच्या वचनाला लागूनच येतं. चुटकी वाजवण्याइतका वेळ जरी मैत्री जोपासली तरी तो भिक्खू ध्यानाला रिकामा नाही, त्याने राष्ट्राचं अन्न फुकट खाल्लं नाही. फोनची घंटा वाजली, कोण आहे ते दिसलं, की उचलण्याआधी त्या एका माणसासाठी एक वाक्य. मग ‘हॅलो’.